माउथपीसच्या कानसकामाची कैफियत

संपादक महाशय यांस,


सॅक्सोफोनच्या माउथपीसला कानस लावणे ही वाद्याची विटंबना असून स्वर केवळ दमाने आणि रीडनेच (माउथपीसवर बसवलेल्या कंप पावणाऱ्या पट्टीनेच) घडतो, असा जो निवाडा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मला सविनय नामंजूर आहे.

रीडच्या समोर, टोकापासून आत उतरत जाणारे जे छत, ज्यास बॅफल म्हणतात, ते उंच असल्यास हवेची वाट अरुंद होऊन स्वर तेजस्वी, प्रसंगी कर्कशही होतो. आणि तेच खोल असल्यास तो गंभीर, पण मंद उमटतो. अडॉल्फ साक्सने १८४६ साली ज्या वाद्याचे पेटंट घेतले, त्याच्या माउथपीसचा आतला गाभा प्रशस्तच, म्हणजे स्वर गंभीर होता. लेण्याद्रीच्या पायथ्याशी, उघड्या माळावर निघणाऱ्या वरातीची गरज मात्र निराळी, तेजस्वी स्वराची आहे.

मी प्रथम बॅफलवर मेणाचा पातळ थर देऊन वाजवून पाहतो, कारण मेण काढता येते, माउथपीसचे घासलेले एबोनाइट परत येत नाही. आणि जिथे फुगवटा नडतो तिथेच, टोकाच्या कडेस धक्का न लावता, काडीला गुंडाळलेला ६०० नंबरचा ओला पॉलिश पेपर दोनदा फिरवून पुन्हा वाजवतो.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतो, त्यास आपण कला म्हणतो. मग हाच न्याय आमच्या बँडवाल्यांस का नसावा?



आपला,
एक वादक वाचक
गोळेगाव (लेण्याद्री), ता. जुन्नर