नातवंडांच्या शाळेचा घोळ

गेले तीन आठवडे आमच्याकडे एकच विषय चालू आहे. मुलाची सिंगापूरहून मुंबईला बदली झाली आहे, तीन वर्षांसाठी. पुढे कुठे, ते त्याच्या कंपनीलाही ठाऊक नाही. नातू अकरा वर्षांचा, नात सहाची. दोघं तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत जातात. आता इथे कुठे घालायचं?

मी गिरगावात मराठी शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं, तेव्हा माझं मत काय असणार हे तुम्ही ओळखलंच असेल! "बालमोहन घरापासून पाच मिनिटांवर आहे, ने-आण मी करीन," असं फोनवर सांगून मी मोकळी झाले. सून थोडा वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आई, त्याला देवनागरी वाचता येत नाही. सहावीचा इतिहास तो वाचणार कसा?"

मी गप्प बसले. मला माझ्याच वर्गातला एक मुलगा आठवला. वडिलांची बँकेत बदली झाली म्हणून इंदूरहून वर्षाच्या मध्येच आलेला. घरी मराठी, पण शिक्षण हिंदीतून. गणितात तो कच्चा नव्हता, त्याला फक्त 'लसावि' आणि 'मसावि' हे शब्द माहीत नव्हते. हे माझ्या लक्षात यायला दिवाळी उलटली. तोवर मी त्याला ढ समजत होते. अजून वाईट वाटतं.

अशा मुलांसाठीच आपल्याकडे १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं निघाली. कुलाबा काय नि कानपूर काय, पुस्तक तेच. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळासुद्धा १९२४ मध्ये राष्ट्रसंघ आणि कामगार संघटनेत नोकरीला आलेल्यांच्या मुलांसाठी निघाली. पुढे १९६८ मध्ये त्याच गावात आयबी सुरू झालं, शिक्षण कुठेही झालं तरी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून. म्हणजे मुळात ही बिऱ्हाड पाठीवर असलेल्यांची सोय. जन्मभर दादर न सोडणाऱ्यांनाही तिची भुरळ का पडावी, हे मला कळत नाही. असो.

तर नातवासाठी मी माझं मत बदललं. तीन वर्षांनी तो चौदाचा होईल आणि पुन्हा सामान बांधील. त्याला आयबीच बरी. फक्त शाळा घराजवळची बघा, एवढंच सांगितलं. यादीत बाबुलनाथजवळची एक, वांद्रे-कुर्ला संकुलातली एक आणि पार अंधेरीपलीकडची एक आहे. ती तिसरी दोघांनाही सगळ्यांत जास्त आवडली आहे! तिथे गेला तर पोराचं अर्धं बालपण बसमध्ये जाईल.

खरा वाद नातीवरून आहे. सुनेला दोघं एकाच शाळेत, एकाच बसमध्ये हवीत. मला वाटतं, नातीला मराठी शाळेत घालावं. इंग्रजी ती भावाशी दिवसभर बोलतेच, तिथून परत गेली तरी तिचं काही अडणार नाही. मराठी वाचायला शिकायची मात्र हीच तीन वर्षं आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, हे सुनेनेच मला ऐकवलं. मग मी यादीतल्या एका शाळेत फोन करून विचारलं, मराठी आठवड्याला किती तास? "विचारून सांगतो" म्हणाले. अजून विचारताहेत.

मुलगा म्हणाला, "आई, यात तुझा स्वार्थ आहे." आहेच की! ती मला पत्र लिहील आणि ते मराठीत असेल, एवढा स्वार्थ या वयात मी लपवत नाही.

येत्या शनिवारी मंडळी येताहेत. निर्णय काय तो त्यांनी घ्यावा. अंकलिपी मात्र मी कालच दादर स्टेशनाजवळून आणून ठेवली आहे.