जागा नाही आणि परवानगी नाही

अडचणीचं आम्हांला भय नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, एक कायमचा पाहुणा आणि दीड दिवसाचा गणपती मावलेले आम्ही लोक. आम्ही घाबरतो ते फक्त परवानगीला.

1984 साली केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून देशातल्या निवडक शाळांत 'बीबीसी मायक्रो' नावाचे संगणक येऊ लागले. आमच्या शाळेत आला तो गणिताचा मास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडला. आमचा शिपाई बरेच दिवस विचारत होता, "सर, यावर बातम्या किती वाजता लागतात?"

त्या यंत्राची स्मरणशक्ती 32 किलोबाइट. त्यात रंगीत चित्रांची हौस करावी, तर एकटा पडदाच 20 किलोबाइट खाऊन बसायचा. दीड खोलीच्या बिऱ्हाडात सोफासेट घ्यावा, तसं ते. मग आम्ही 'मोड 7' धरला. त्यात पडद्याचं 1 किलोबाइटात भागे. प्रोग्राममधल्या टिपा पुसल्या, मोकळ्या जागा काढल्या, चार आज्ञा कोलन देऊन एका ओळीत बसवल्या. लोकलमधली चौथी सीट! तरी निकालपत्रक मावेना, तेव्हा प्रोग्रामचे दोन तुकडे केले. पण पहिल्याच्या बेरजा दुसऱ्याला कशा कळणार? नववीतल्या एका पोरानं शोध लावला, की प्रोग्राम बदलला तरी 'ए पर्सेंट'पासून 'झेड पर्सेंट'पर्यंतचे 26 खण पुसले जात नाहीत. पहिल्यानं बेरजा तिथं ठेवायच्या, दुसऱ्यानं उचलायच्या. भाडेकरू गेला तरी फडताळ शाबूत! तो पोरगा हे सांगायला ओरडत जिना चढला होता. हेडमास्तर चहा टाकून बाहेर आले.

आणि ते यंत्र बोलायला किती सरळ! चुकलं तर 'मिस्टेक'. जागा संपली तर 'नो रूम'. इतका सरळ घरमालक मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

आता नातीच्या कॉलेजची गोष्ट. तिथल्या संगणकाची स्मरणशक्ती 8 गिगाबाइट. म्हणजे आमच्या बीबीसीच्या 2,62,144 पट. हिशेब मी कागदावर केला आहे, हवा तर ताडून पाहा. पोरीला त्यावर पायथन हवं होतं. पडद्यावर उमटलं, 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' अ‍ॅडमिनिस्ट्रेटर रजेवर. म्हणजे वाड्यात खोल्या अडीच लाख, आणि किल्ल्या घेऊन मालक काशीला!

पोरगी माझीच नात. तिनं साधं नोटपॅड उघडलं, त्यात जावास्क्रिप्ट लिहिली, फाइलच्या नावाला एचटीएमएलचं शेपूट लावलं आणि ब्राउझरमध्ये उघडली. प्रोग्राम धावला! दिंडीदरवाज्याला सात कुलपं, आणि मागच्या बाजूला भिंतच नाही. मग ती कुलपं नक्की कुणासाठी होती?

कुलूपवाले म्हणतात, "सर, व्हायरस येतात." येतात ना! ज्या संगणकावर फीचे हिशेब आणि परीक्षेचे गुण आहेत, त्याला हवी तेवढी कुलपं घाला. रात्री राखणीला मी स्वतः बसेन. पण जो शिकण्यासाठीच मांडलाय, त्याला का? आज संगणकाच्या पोटात दुसरा लुटुपुटीचा संगणक उभा करता येतो. पोरांनी तो मोडला, तर पुसायचा आणि पुन्हा उभा करायचा. तालमीत माती घालतात ती पोरं पडणार म्हणूनच. पडतील म्हणून तालमीलाच टाळं ठोकणारा वस्ताद मी तरी ऐकलेला नाही. कुलपाला पैसे लागत नाहीत आणि विचारही करावा लागत नाही, म्हणून ते लावलं जातं. एवढंच त्यातलं सुरक्षाशास्त्र.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. जागेच्या टंचाईनं आमच्या पोरांना यंत्र शिकवलं. ही परवानगीची टंचाई पोरांना चोरपावलं शिकवते आहे. नातीची युक्ती त्या नववीतल्या पोराच्या युक्तीइतकीच झकास. पण तिनं ती मला सांगितली कशी? घरी आल्यावर, दार लोटून, कुजबुजत. वर म्हणाली, "आजोबा, कुणाला बोलू नका हं."

मी शब्दाचा पक्का आहे. बोललो कुणालाच नाही, फक्त लिहिलं.