विश्लेषण : दाराची रुंदी ठरली, काळजीचे काय? वृद्ध सेवा केंद्राचा दर्जा कसा ओळखायचा?

घरातील ज्येष्ठ व्यक्ती पडते, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते आणि आठवडाभरात रुग्णालय डिस्चार्ज देते. घरी उचलायला माणूस नाही, मुलगा नोकरीत, मुलगी परदेशात. मग ‘अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेतो’ अशी पाटी असलेल्या केंद्राचा शोध सुरू होतो. दोन-तीन फोन, एक भेट, अनामत रक्कम आणि निर्णय होतो. हा निर्णय बहुतेक कुटुंबे इमारत, बाग आणि स्वागतकक्ष पाहून घेतात. याचा दोष मात्र त्यांना देता येत नाही, कारण आत मिळणारी काळजी मोजणारा एकही आकडा त्यांच्यासमोर ठेवला जात नाही. तो ठेवणे बंधनकारक व्हायला हवे.

नर्सिंग होम की वृद्धाश्रम?

गोंधळ नावापासूनच आहे. अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे ज्येष्ठांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी संस्था. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. डॉक्टर पती-पत्नी चालवतात ते, किंवा बाळंतपणासाठी जातात ते. या दोहोंच्या मध्ये वृद्धाश्रम, सेवा केंद्र, केअर होम अशा नावांनी चालणाऱ्या संस्था येतात. चालत्या-फिरत्या ज्येष्ठांना राहण्याची सोय देणे आणि नळीतून अन्न घेणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठाची चोवीस तास शुश्रूषा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पाटीवरून हा फरक कळत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. महापालिका किंवा जिल्हा शल्यचिकित्सक नोंदणी देतात, ठरावीक काळाने तिचे नूतनीकरण करावे लागते. २०२१ मध्ये नियम सुधारून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. हे सारे रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे.

ज्येष्ठांसाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारू शकेल, असे त्याचे कलम १९ म्हणते. खासगी केंद्रांच्या सक्तीच्या नोंदणीबाबत मात्र हा केंद्रीय कायदा गप्प आहे. ही उणीव भरून काढणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यात केंद्रांची नोंदणी आणि किमान मानके होती. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तरी ते मंजूर झाले नव्हते.

त्याच २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष लावले. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवे, उतरण हवी, न्हाणीघरात आधाराचे दांडे हवेत. हे निकष विकल्या जाणाऱ्या घरांसाठी आहेत आणि ते आवश्यकच आहेत. पण यातून आपला प्राधान्यक्रमही दिसतो. ज्येष्ठांच्या घराचे दार किती रुंद असावे हे ठरले. त्या दारातून रात्री दोन वाजता मदतीला कोणी येईल का, हे कोणी ठरवलेले नाही.

दर्जा मोजता येतो का?

येतो. वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा जोखावा, याची मांडणी ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये केली आणि ती आजही वापरली जाते. त्यांनी तीन स्तर सांगितले : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. खाटा, इमारत, कर्मचारी ही रचना. कूस बदलणे, औषध वेळेवर देणे, भरवणे ही प्रक्रिया. आणि माणसाचे शेवटी काय झाले, हा परिणाम.

माहितीपत्रकात सहसा रचनाच दिसते. वातानुकूलित खोली, सीसीटीव्ही, शाकाहारी जेवण. परिणाम मात्र शरीरावर दिसतो. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाला पाठीवर, माकडहाडाशी, टाचांवर जखमा होतात. त्याच बेडसोअर. भरवायला माणूस कमी असेल तर वजन उतरते. अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणे ही धोक्याची खूण मानतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींचे महिन्यात अडीच किलो वजन कमी झाले, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. त्यासाठी लागतो फक्त एक वजनकाटा आणि एक वही.

आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. गंभीर ज्येष्ठांना घेणाऱ्या केंद्रात जखमा जास्त दिसणारच. म्हणून दाखल होताना असलेली जखम आणि नंतर झालेली जखम वेगळी मोजावी लागते. ‘आमच्याकडे कधीच कोणी पडले नाही’ हे उत्तरही तितकेसे दिलासा देणारे नाही. पडल्याची नोंदच होत नसेल किंवा माणसांना खाटेला बांधून, झोपेच्या औषधावर ठेवले जात असेल, तरीही आकडा शून्यच येतो.

इतर देशांत काय झाले?

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होमच्या तपासणीचे नियम कडक केले. तपासनीस आगाऊ न कळवता येतात आणि दोन तपासण्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही. २००८ पासून प्रत्येक संस्थेला एक ते पाच तारे मिळतात. तपासणी, कर्मचारी संख्या आणि रुग्णांच्या स्थितीचे निकष असे त्याचे तीन भाग आहेत.

पण कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांच्या स्थितीचे आकडे संस्था स्वतःच भरत होत्या. तारे वाढले, काळजी तेवढी वाढली का, असा प्रश्न २०१४ मध्ये वृत्तपत्रांनी लावून धरला. त्यानंतर कर्मचारी संख्या थेट पगारपत्रकाच्या नोंदींवरून घेण्यास सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था चार श्रेणी देते आणि २०१५ पासून ती श्रेणी दर्शनी भागात लावणे सक्तीचे आहे. तिथेही २०२४ च्या सरकारी आढाव्यात अनेक श्रेणी कित्येक वर्षे जुन्या असल्याचे उघड झाले.

या अनुभवांतून दोन गोष्टी शिकता येतात. संस्थेने स्वतः भरलेला आकडा बाहेरच्या माणसाने पडताळावा लागतो आणि जुनी श्रेणी आजच्या काळजीबद्दल काहीच सांगत नाही. आपल्याकडे निम्मी पद्धत उचलून ऑनलाइन स्टार वाटण्यात अर्थ नाही.

तोपर्यंत कुटुंबांनी काय पाहावे?

- वेळ : सकाळी अकराला ठरवून जाऊ नका. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी किंवा रविवारी दुपारी जा. ताटे समोर ठेवून निघून जातात की बसून भरवतात, ते पाहा.
- रात्रपाळी : ‘एकूण स्टाफ किती’ हा प्रश्न पुरेसा नाही. रात्री किती ज्येष्ठांमागे किती माणसे, त्यांत प्रशिक्षित परिचारिका किती आणि ब्युरोतून आलेल्या मावशी किती, हे विचारा.
- नोंदवही : कूस बदलल्याची, वजनाची, पडल्याची नोंद दाखवायला सांगा. पूर्ण महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात असतील तर सावध व्हा.
- औषधे : झोपेचे किंवा शांत ठेवण्याचे औषध कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी लिहिले? कुटुंबाला कळवले जाते का?
- भेट : आधी न कळवता भेटू देतात का? ‘सवय होईपर्यंत महिनाभर येऊ नका’ असे सांगणारे केंद्र टाळलेले बरे.
- करार : प्रकृती खालावली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, खर्च कोणाचा आणि अनामत किती दिवसांत परत, हे लेखी घ्या.

दाखल केल्यानंतरही भेटीत टाचा आणि पाठ पाहा, वजन विचारा. परदेशातील मुलांनी व्हिडीओ कॉलवर फक्त चेहरा पाहून समाधान मानू नये. दुर्लक्ष किंवा छळ होत असल्याची शंका आल्यास १४५६७ या राष्ट्रीय एल्डरलाइनवर मोफत संपर्क साधता येतो.

सरकारने काय करावे?

नियम कडक केले तर खर्च वाढेल, देणग्यांवर चालणारी छोटी केंद्रे बंद पडतील आणि ज्येष्ठ रस्त्यावर येतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. या क्षेत्रात पगार कमी, काम जड आणि माणसे टिकत नाहीत. त्यामुळे पहिल्याच दिवशी कुलूप लावणारा कायदा नको. पण माहिती जाहीर करायला पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांची संख्या, रात्रपाळीचे कर्मचारी, केंद्रात आल्यावर झालेल्या बेडसोअर, पडण्याच्या घटना आणि लक्षणीय वजन घटलेले ज्येष्ठ, असे पाच आकडे दर तीन महिन्यांनी दारावर आणि संकेतस्थळावर लावायला सांगता येईल. त्यांची पडताळणी मात्र न कळवता आलेल्या सरकारी तपासनीसानेच करावी.

त्यासाठी नव्या केंद्रीय विधेयकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. १९४९ च्या कायद्यातील शुश्रूषागृहाच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला ‘दुर्बलता’ हा शब्द आहे. दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा त्या व्याख्येत बसते, असे परिपत्रक राज्य सरकार काढू शकते. त्यामुळे निदान अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारी केंद्रे नोंदणीच्या कक्षेत येतील.

रुग्णालयातील रुग्ण आठवडाभराने घरी येतो आणि काय घडले ते सांगतो. सेवा केंद्रातील ज्येष्ठाला बहुधा परत यायचे नसते आणि स्मृतिभ्रंश असेल तर सांगताही येत नाही. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याची विचारपूस करण्याची जबाबदारी सरकारचीच आहे.