लॅपटॉपला करंट येतोय? कूलर खाली काढायच्या आधी अर्थिंग बघून घ्या

शंकरनगरला इंजिनिअरिंग कॉलेज असल्यामुळे अकलूज परिसरात बाहेरगावची बरीच मुलं खोल्या घेऊन राहतात. त्यांच्याकडून आणि घरी बसून कंपनीचं काम करणाऱ्या लेकी-सुनांकडून एक तक्रार मी गेली काही वर्षं ऐकतोय. लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाला मुंग्या येतात. पत्र्याच्या बॉडीचा असेल तर जास्तच. कुणी म्हणतं लॅपटॉप बिघडला, कुणी म्हणतं चार्जर डुप्लिकेट निघाला. घरातलं वडीलधारं माणूस सांगतं, "पायात चप्पल घालून बस." चप्पल घातली की मुंगी थांबते आणि विषय तिथंच मिटतो.

तो तिथं मिटू नये, म्हणून हे लिहितोय. ती मुंगी बहुतेक वेळा लॅपटॉपची नसते, तुमच्या घराच्या वायरिंगची असते.

आधी ती येते कुठून ते समजून घ्या. चार्जर 230 व्होल्टच्या विजेचे फार वेगानं तुकडे पाडून तिचे वीसेक व्होल्ट करतो. या कापाकापीत विजेचा गोंगाट होतो. तो शेजारच्या रेडिओ-टीव्हीला त्रास देऊ नये म्हणून चार्जरमध्ये लहान कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांच्यातून अगदी किंचित करंट लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीपर्यंत पोचतो. तो पोचणारच, रचनाच तशी आहे. थ्री-पिन टॉपचा चार्जर असेल आणि घराला अर्थिंग असेल, तर हा करंट तिसऱ्या पिनेतून गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो वाट बघत बसतो. तुम्ही अनवाणी पायांनी फरशीवर बसून लॅपटॉपला मनगट टेकवता तेव्हा त्याला वाट सापडते. घरात चपला न घालायची आपली चांगली सवय इथं मात्र आडवी येते.

अशा लॅपटॉपची बॉडी आणि जमीन यांच्यात मल्टीमीटर धरला तर शंभर-सव्वाशे व्होल्टसुद्धा दिसतात. बघणाऱ्याची गाळण उडते. आपल्या भागात ठिबक सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तसं सांगतो. टाकी कितीही उंचावर ठेवा, ठिबकच्या नळीतून थेंबच पडणार. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची आणि ॲम्पियर म्हणजे प्रत्यक्ष येणारं पाणी. माणसाला इजा होते ती पाण्यानं. टू-पिनच्या प्रमाणित चार्जरमधून बॉडीवर येणारा करंट पाव मिलिॲम्पियरच्या आत ठेवायचा दंडक आहे. मुठीत धरलेल्या वस्तूतून करंट जाणवायला साधारण अर्धा ते एक मिलिॲम्पियर लागतो, पण हलकेच घासलेल्या मनगटाला त्याहून कमीही कळतो. दहाच्या आसपास हात आखडतो आणि धरलेली वस्तू सुटत नाही. तीसच्या पुढे काळजाचा प्रश्न येतो. हिशेब मिलिॲम्पियरचा आहे, आणि घरातला साधा बोर्ड सहा ॲम्पियरचा, म्हणजे सहा हजार मिलिॲम्पियरचा असतो, एवढं ध्यानात ठेवा.

म्हणजे मुंगीनं कुणी मरत नाही. मग काळजी कसली? ती पुढे आहे.

बऱ्याच घरांत, विशेषतः गावाबाहेरच्या वस्त्यांवर, मी एक गोष्ट पाहिली आहे. वायरिंग करताना अर्थिंगची हिरवी वायर सगळ्या बोर्डांना फिरवलेली असते, पण मीटरपाशी आली की ती नुसतीच लोंबकळते. खाली अर्थिंगचा खड्डाच नसतो. किंवा पंचवीस वर्षांपूर्वी खड्डा केला होता, पण त्यातला पाइप मिठानं खाऊन टाकलाय. आता विचार करा. ही हिरवी वायर जमिनीला जोडलेली नाही, पण घरातल्या सगळ्या थ्री-पिन वस्तूंच्या बॉड्या तिनं एकमेकींना जोडून ठेवल्या आहेत. फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, इस्त्री, लॅपटॉप, सगळ्या एका दावणीला. उद्या गिझरचं कॉइल फुटलं आणि त्याच्या बॉडीत फेज उतरला, तर तो हिरव्या वायरीतून फिरून तुमच्या मुलाच्या मांडीवरच्या लॅपटॉपपर्यंत येतो. त्या वेळी मधे कपॅसिटरची ठिबक नळी नसते, थेट मोटर सुरू झालेली असते. लॅपटॉप बाथरूमपासून चार खोल्या लांब असला तरी फरक पडत नाही.

आणि आपल्याकडचा खरा धोका कूलरचा. मार्च उलटला की माळ्यावरून लोखंडी कूलर खाली येतात. पत्र्याची बॉडी, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली सांडलेलं पाणी, बाजूला उघड्या पायांची पोरं. पंपाच्या वायरीचं इन्शुलेशन उंदरानं कुरतडलं तरी पुरे. त्या घरात अर्थिंग आहे की नाही हे कळायची दुसरी सोपी सोय नसते. लॅपटॉप ते जानेवारीतच फुकट सांगून जातो आणि आपण त्याला चप्पल दाखवतो.

आता तपासायचं कसं. बोर्ड न उघडता तुम्हाला स्वतःला बरंच कळू शकतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. मुंगी गेली तर करंट चार्जरकडूनच येतोय. मग चार्जरचा टॉप बघा. दोनच पिना असतील आणि त्याच्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असेल, तर तो दुहेरी इन्शुलेशनचा आहे, त्याला अर्थिंग लागतच नाही. अशा चार्जरवर थोडी मुंगी उत्तम वायरिंगच्या घरातही येऊ शकते. तिला घाबरायचं कारण नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मांडीवर नको, पाय कोरडे ठेवा, झालं. पिना तीन असतील तर एक्स्टेन्शन बाजूला सारा आणि टॉप थेट भिंतीतल्या थ्री-पिनमध्ये घाला. मुंगी थांबली तर एक्स्टेन्शनमध्ये अर्थच नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी एक्स्टेन्शनना तिसरं भोक असतं, पण आत वायर दोनच. अशा किंवा बिनअर्थिंगच्या एक्स्टेन्शनवर लॅपटॉप, प्रिंटर, मॉनिटर अशा चार वस्तू एकदम लावल्या तर चौघांचा थोडा थोडा करंट एकत्र येतो, आणि मुंगीचा विंचू होतो. थेट भिंतीत लावूनही मुंगी येत असेल तर संशय घराच्या अर्थिंगवर. खात्री करायची तर तोच लॅपटॉप, तोच चार्जर चांगलं अर्थिंग असलेल्या ठिकाणी लावून बघा.

टेस्टरवर विसंबू नका. टेस्टरमधला निऑनचा दिवा इतक्या कमी करंटवर पेटतो की साधी मुंगी आणि जिवावरचा बिघाड त्याला सारखेच दिसतात. फरक हाताला कळतो. घासल्यावर गुणगुणल्यासारखं वाटतं ती मुंगी. हिसका बसला, हात झटक्यानं मागे आला, किंवा चटका लागला, तर ती मुंगी नाही. भिंतीवरचं बटण आधी बंद करा, मग टॉप काढा, आणि तपासून होईपर्यंत ती वस्तू लावू नका. थंडीत पॉलिस्टरचं ब्लँकेट ओढून उठल्यावर एकदाच जो चट् होतो तो निराळा. ती कोरड्या हवेची स्थिर वीज, तिचा वायरिंगशी संबंध नाही.

पुढचं काम वायरमनचं, स्वतः करायचं नाही. पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे तुम्हाला माहीत पाहिजे, कारण संवाद बहुधा असा होतो.

"भाऊ, अर्थिंग आहे का बघा जरा."

"आहे की. न्यूट्रललाच जोडून दिलंय. काय होत नाही, धा वर्षं झाली."

हे ऐकलंत की काम थांबवा. बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले की मुंगी लगेच थांबते, वायरमन पैसे घेऊन जातो, सगळे खूश. पण पुढं कधी ती न्यूट्रल सैल झाली किंवा वाटेत तुटली, तर चालू असलेल्या बल्ब-पंख्यातून येऊन पूर्ण 230 व्होल्ट फ्रिजच्या दांडीवर उभे राहतात. हा जुगाड अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट आहे. नळाच्या पाइपाला अर्थ बांधणंही तसंच. पूर्वी लोखंडी पाइप होते तेव्हाही ते चूकच होतं, आता तर पाइप प्लॅस्टिकचे आहेत.

वायरमनला तीन आकडे मोजायला सांगा. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मल्टीमीटर मात्र भोळा असतो, कुजक्या अर्थिंगवरही तो 230 दाखवतो. म्हणून फेज आणि अर्थ यांच्यात शंभर वॅटचा टेस्ट लॅम्प लावून दाखवायला सांगा. तो लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर खड्डा गेलाय. घरात आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच लाइट घालवणारा स्विच, असेल तर लॅम्प लावताच तो पडेल. पडला तर तो चालू आहे आणि अर्थिंगची वाट पुरती तुटलेली नाही, एवढं कळतं.

खड्ड्याबद्दल आपल्या मातीपुरतं थोडं जास्त बोलतो. काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली. पण उन्हाळ्यात ती तडकते, हात जाईल अशा भेगा पडतात आणि पाइपापासून सुटते. म्हणजे कूलर सुरू व्हायच्या दिवसांतच अर्थिंग सगळ्यात कमजोर. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला फनेल आणि झाकण, ही जुनी पद्धत अजूनही चालते. फक्त फेब्रुवारी ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं लक्षात राहिलं पाहिजे. ते राहत नाही. म्हणून मी सांगतो, घराच्या भिंतीपासून दीड मीटर लांब, तुळशीवृंदावनाशेजारी खड्डा घ्या. तुळशीला पाणी घालायला कुणी विसरत नाही, तांब्याच्या जागी बादली न्यायची एवढंच. केमिकल अर्थिंगच्या कांड्याही मिळतात. त्यांना पाण्याचं एवढं लागत नाही, पण खर्च जास्त.

सोबत मेनमध्ये 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. आमच्याकडे एमसीबी आहे, असं लोक अभिमानानं सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. सोळा ॲम्पियरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारे पन्नास मिलिॲम्पियर दिसतसुद्धा नाहीत. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो आणि तफावत दिसली की क्षणात लाइट घालवतो. तो सारखा पडत असेल तर दोष त्याचा नाही, कुठंतरी गळती आहे किंवा कुणीतरी न्यूट्रल-अर्थ एक केलेत. तो काढून टाकणाऱ्या वायरमनला पुन्हा बोलावू नका.

चार्जर बदलायचा झाला तर त्याच्यावर बीआयएसचं चिन्ह आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून खरा-खोटा तपासता येतो. टू-पिन बोर्डात घालण्यासाठी थ्री-पिन टॉपची जाड पिन कापू नका. ती बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब केलेली असते ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून.

खोलीमालकांना एक शब्द. मीटरपर्यंतची लाइन महावितरणची, मीटरच्या पुढचं सगळं तुमचं. कॉट बेसिसवर राहणारं परगावचं पोरगं मुंग्या येतात म्हणालं तर त्याला लॅपटॉप दुरुस्तीला पाठवू नका. परवाना असलेल्या माणसाकडून मोजून घ्या आणि आकडे लिहून मागा. पोरांनो, तुम्हीही भाडं देताय, विचारायला संकोचू नका. आणि अख्ख्या गल्लीचेच दिवे अचानक प्रखर झाले किंवा मंदावले, तर मेन पाडा आणि 1912 ला फोन करा. ते काम महावितरणचं.

यंदा कूलरवरची धूळ पुसायच्या आधी वायरमनला एकदा घरी बोलवा, आणि तो टेस्ट लॅम्प लावेल तेव्हा शेजारी उभं राहून बघा.