यकृतातील चरबी आणि बंद केलेली गोळी

गेल्या महिन्यात सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह सोनोग्राफीचा अहवाल घेऊन आले. ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असा शेरा होता. घरात मद्याला कोणी शिवत नाही, मग हे कसे, ही पत्नीची चिंता. मी रक्तदाब मोजला. तो १६८/१०४ निघाला. ‘गोळ्यांचा ताण लिव्हरवर येतो’ असे कुणीतरी सांगितल्यावरून त्यांनी रक्तदाबाची गोळी तीन आठवड्यांपूर्वीच बंद केली होती. तिच्या जागी लिव्हरचे टॉनिक चालू होते!

वाचकहो, ही अदलाबदल मला वारंवार पाहावी लागते, आणि ती जिवावर बेतू शकते. फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृताचा नव्हे, तर हृदय व रक्तवाहिन्यांचा विकार हे असते.

या दोन्ही दुखण्यांचे मूळ बहुधा एकच. पोटाचा घेर वाढला की शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते. हे जादा इन्शुलिन यकृतात चरबी साठवते, मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या मज्जासंस्थेला चेतवते. २०२३ साली तज्ज्ञांनी या आजाराचे नाव बदलून त्यात चयापचयाचा उल्लेख केला. निदानाच्या निकषांत १३०/८५ किंवा त्याहून अधिक रक्तदाबही धरला आहे. उलट बाजूनेही नाते आहे: ज्यांचा रक्तदाब चढा, त्यांच्या यकृतात व्रणतंतू वाढण्याचा धोका अधिक आढळतो.

आता गोळ्यांविषयी. टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन यांसारख्या नेहमीच्या गोळ्या साध्या फॅटी लिव्हरमध्ये निर्धास्त घेता येतात. सिरॉसिस होऊन पोटात पाणी झालेल्या रुग्णाची गोष्ट निराळी. त्याच्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. टॉनिकांविषयी मी एवढेच म्हणेन की त्यांनी रक्तदाब उतरत नाही.

वजन सात ते दहा टक्के घटवल्यास यकृताची सूज आणि रक्तदाब दोन्ही उतरतात. चौऱ्याऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो, तेही सावकाश, कमी करावेत. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. पापड, लोणचे, फरसाण त्यातच धरून. सैंधवही मीठच आहे, हे मला रोज कुणाला तरी सांगावे लागते. घरी रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा. तेथे आकडा वारंवार १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल तर दवाखाना गाठावा.

त्या गृहस्थांनी गोळी पुन्हा सुरू केली. परवा रक्तदाब १३४/८४ होता. वजन अवघे दीड किलो उतरले आहे. जेवणातला पापड मात्र पत्नीने आता डब्यात बंद करून वरच्या फळीवर ठेवला आहे.