एक मिलिलिटर रक्त

संपादक महोदयांनी नव्या तपासण्यांविषयी लिहावे असे सुचविले. मी मात्र एका जुन्या तपासणीची बाजू घेणार आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

काही वर्षांपूर्वी सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेले, ९०० ग्रॅम वजनाचे एक बाळ बाहेरगावाहून इंदुरात आमच्याकडे आले. श्वास मधूनच थांबे, प्लेटलेट उतरलेल्या. बुरशीच्या संसर्गाची शंका घेऊन फ्लुकोनाझोल आधीच सुरू होते. आजोबांनी माझ्यापुढे मुंबईहून आलेला बीटा-डी-ग्लुकानचा अहवाल ठेवला. आकडा ८० पिकोग्रॅमच्या बराच वर होता. "डॉक्टरसाहेब, आता तर निदान पक्के ना?" त्यांनी विचारले. या तपासणीसाठी त्यांनी काही हजार रुपये मोजले होते.

मला होकार देता येईना. बीटा-डी-ग्लुकान हा अनेक बुरशींच्या पेशीभित्तिकेतील घटक. परंतु ८० ही मर्यादा प्रौढांसाठी ठरलेली आहे. संसर्ग नसलेल्या नवजातांतही आकडा तिच्या वर जातो. रक्तघटक दिल्याने, इतकेच काय, जखमेवरच्या गॉझमुळेही तो चढू शकतो. या बाळाला प्लेटलेट दिल्या होत्या. शिवाय बुरशी कोणती आणि तिच्यावर कोणते औषध चालेल, हे ही तपासणी सांगत नाही. अहवाल निगेटिव्ह आला तर औषध थांबविण्याच्या विचाराला आधार मिळतो. माझ्या मते तिचा खरा उपयोग तेवढाच. पीसीआरचे उत्तर लवकर येते, पण पद्धती प्रयोगशाळेगणिक बदलतात.

जुने ब्लड कल्चर तरी निर्दोष आहे का? मुळीच नाही. खोलवरच्या कँडिडा संसर्गात ते जवळजवळ निम्म्या वेळा चुकते. म्हणून गंभीर बाळात औषधासाठी अहवालाची वाट पाहू नये, हे मी आग्रहाने सांगतो. मात्र बुरशीचे नाव पटते ते कल्चरमधूनच. १९९६ ते १९९८ या काळात चंदीगडच्या पीजीआयमध्ये पिकिया अनोमाला या सहसा न आढळणाऱ्या यीस्टने ३७९ बालकांना गाठले. केवळ 'पॉझिटिव्ह' एवढ्या शब्दावर ती साथ कोणाला ओळखता आली असती? २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णिलेली कँडिडा ऑरिस तर बहुधा फ्लुकोनाझोलला दादच देत नाही.

आणि कल्चर चुकते त्यात आपलाही हात असतो. ९०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम ७५ ते ८० मिलिलिटर. सुई धरणारा हात कचरतो, हे मी जाणतो. या बाळाच्या पहिल्या बाटलीत आम्हीच अर्धा मिलिलिटर घातला होता. तिच्यात काही उगवले नाही. पुन्हा पुरते एक मिलिलिटर घेतले. तिसऱ्या दिवशी कँडिडा वाढली, तीही फ्लुकोनाझोलला न जुमानणारी. अँफोटेरिसिन सुरू केले, शिरेतील नळी काढली, पाठीतील पाणी व डोळे तपासले. आजोबांचा आकडा खरा ठरला होता. पण औषध बदलले ते कल्चरमुळे. दोन महिन्यांनी बाळ घरी गेले.

त्यानंतर आमच्या विभागात प्रत्येक बाटलीवर रक्त किती घातले ते लिहावयाचे ठरले. पहिल्याच आठवड्यात तीन बाटल्यांवर ०.५ लिहिलेले आढळले. त्यांपैकी एक माझी होती.