आजोबा हिरवे का झाले?

बालमित्रांनो, मागच्या आठवड्यात आपण लिंबाच्या रसाने गुप्त पत्रं लिहिली. आजची शाई मात्र अदृश्य नाही. चांगली डोळ्यांना दिसणारी आहे, आणि तिनेच मला दोन आठवडे छळलं.

झालं असं. आमच्या शाळेला 75 वर्षं पूर्ण झाली म्हणून गावातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मुलांना सांगितलं, घरातला एखादा जुना फोटो आणा, आपण त्याची प्रत छापून घेऊ आणि मूळ फोटो लगेच परत देऊ. तर चौथीतली एक मुलगी फोटोऐवजी थेट आजीलाच घेऊन आली! आजींच्या हातात रुमालात गुंडाळलेला पोस्टकार्डाएवढा फोटो.

"बाई, मी हा ठेवून नाही जायची. ह्यांचा एवढा एकच आहे," त्या म्हणाल्या.

मग मुख्याध्यापकांच्या खोलीत स्कॅनरशेजारी खुर्ची टाकून आजी बसल्या. फोटो काचेवर ठेवला, दिवा इकडून तिकडे सरकला, आणि फोटो पुन्हा रुमालात गेला. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का आणि 1971 साल. एक कोपरा कसरीने खाल्लेला. काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि सगळ्या फोटोला एक छान उबदार तपकिरी छटा. जायफळ उगाळलं की सहाणेवर जो रंग उतरतो ना, तसा.

मी ऐटीत फोटो पेपर घातला आणि छापायचं बटण दाबलं. आजोबा बाहेर आले ते हिरवट! वेळ कमी होता, म्हटलं चालेल, आणि फळ्यावर लावून टाकला. दुसऱ्या दिवशी नातीला न्यायला आलेल्या आजींनी तो पाहिला. बराच वेळ बघत राहिल्या. "शेवटी दवाखान्यात असे दिसायचे," एवढंच म्हणाल्या आणि नातीचा हात धरून निघाल्या. मी त्याच क्षणी फोटो उतरवला.

आता सांगा पाहू, प्रिंटरमध्ये तपकिरी शाई असते का? साध्या घरगुती प्रिंटरमध्ये चारच शाया असतात: आकाशी निळसर म्हणजे सायन, किरमिजी म्हणजे मॅजेंटा, पिवळी आणि काळी. बाकी सगळे रंग या चौघांच्या ठिपक्यांतून तयार होतात. हे ठिपके इतके बारीक की एका थेंबात शाई असते ती फक्त काही पिकोलिटर. लिटरचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर! भिंग घेऊन छापलेला फोटो बघा, ठिपके दिसतील.

तुम्ही म्हणाल, काळापांढरा फोटो असेल तर फक्त काळी शाई वापरावी, भानगडच नको. पण बऱ्याच घरगुती प्रिंटरांतली काळी शाई गुळगुळीत फोटो पेपरवर नीट धरत नाही, पुसली जाते. म्हणून फोटो पेपर असं सांगितलं की प्रिंटर तिला बाजूला ठेवतो आणि सायन, मॅजेंटा, पिवळी या तिघी मिळून राखाडी तयार करतात. तिघींचं माप बरोबर जमलं तर राखाडी. त्यात मॅजेंटा जरा कमी पडली की हिरवट झाक. लाल जास्वंदीच्या फोटोत एवढा फरक कुणाला कळणारही नाही. राखाडी चेहऱ्यात तो लगेच खुपतो.

आणि आमच्याकडे मॅजेंटा खरोखरच कमी पडत होती. सुट्टीभर प्रिंटर बंद, त्यामुळे शाई येण्याची काही छिद्रं सुकून बुजली होती. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'नोझल चेक' असतं. ते दाबलं की रंगीत रेघांची जाळी छापून येते. आमची किरमिजी जाळी मध्ये मध्ये तुटलेली! सफाईचं बटण दोनदा दाबल्यावर जाळी अखंड झाली. (दहादा दाबू नका, प्रत्येक सफाईत शाई खर्च होते आणि मग घरी बोलणी बसतात.)

हिरवेपणा गेला. पण मूळ फोटोतला तपकिरी रंग कुठून आणायचा? त्याआधी तो तिथे आला कसा, ते बघू.

जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंतला काळा भाग म्हणजे चांदीचे अतिशय बारीक कण असतात. होय, खरी चांदी. आईचे पैंजण किंवा देवाचं निरांजन बरेच दिवस घासलं नाही की काळं पडतं ना? हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीचं सल्फाइड बनतं. हाच पदार्थ फोटोतल्या बारीक कणांवर बनला की तपकिरी दिसतो. स्टुडिओवाले हे मुद्दाम करायचे. तयार फोटो आधी एका द्रावणात घालून फिका करायचा. मग सोडियम सल्फाइडच्या पाण्यात बुडवला की चित्र परत उमटायचं, पण तपकिरी होऊन. त्या वेळी सडक्या अंड्यांसारखा वास सुटायचा. तो वायू विषारी असतो, तेव्हा हा प्रयोग घरी मुळीच नाही. इतका त्रास कशासाठी? रंग देखणा, हे एक. आणि पैंजण एकदा काळे पडल्यावर गंधक त्यांचं आणखी काय बिघडवणार? तसंच या फोटोंचं. ते साध्या फोटोंपेक्षा जास्त टिकतात. आजींचा फोटो अर्ध्या शतकानंतरही ठणठणीत राहिला, त्यात या सल्फाइडचा वाटा आहे. जे जुने फोटो पिवळे पडून पुसट होतात, ते बहुधा नीट न धुतल्यामुळे. पिवळा पुसटपणा हा आजार समजा, तपकिरी रंग ही तब्येत.

या रंगाला 'सेपिया' म्हणतात. सेपिया म्हणजे माकूळ! कोकणातल्या मुलांना माकूळ सांगायला नको. समुद्रकिनाऱ्यावर होडीच्या आकाराचं पांढरं, हलकं समुद्रफेन सापडतं, ते याच्याच एका जातीच्या पाठीतलं कवच. शत्रू आला की माकूळ गडद शाई सोडून पसार होतो. त्या शाईपासून पूर्वी युरोपातले चित्रकार तपकिरी रंग करत. फोटोत माकुळाची शाई नसते हं, फक्त नाव आलंय.

तर आमचा दुसरा प्रयत्न. मोबाइलमध्ये 'सेपिया' नावाचं तयार बटण असतं, ते लावलं आणि छापलं. फोटो अगदी राखाडी आला! मी डोकं धरून बसले. मुख्याध्यापकांनीच दाखवलं की कार्यालयाची पत्रं छापताना कुणीतरी 'ग्रेस्केल' वर खूण करून ठेवली होती. ती खूण असली की प्रिंटर सगळे रंग गाळून टाकतो. खूण काढली, पुन्हा छापलं, आणि आजोबा आले गाजर हलव्याच्या रंगाचे. तयार बटणाची हीच अडचण आहे. ते सगळ्यांना एकाच बादलीत बुडवतं. पडद्यावर बरं दिसतं, कारण पडदा स्वतः उजळतो. कागदावर तोच रंग जड होतो.

मग ठरवलं, हाताने करू. संगणकावर 'गिंप' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात आधी फोटोचा सगळा रंग काढून टाकला, म्हणजे डागांचा पिवळेपणाही गेला. (इथे एक मेख आहे. फोटोचा मोड आरजीबीच ठेवायचा, नाहीतर पुढे रंग चढवताच येत नाही.) नंतर 'कलर बॅलन्स' उघडायचं. तिथे शॅडोज, मिडटोन्स, हायलाइट्स असे तीन भाग दिसतात: गडद, मधला आणि उजळ. फक्त मधल्या भागात एक पट्टी थोडी लालकडे आणि एक थोडी पिवळ्याकडे सरकवायची. थोडी म्हणजे किती? ते छापूनच कळतं.

फोटो पेपर महाग असतो. म्हणून चेहरा आणि कोटाचा भाग येईल एवढाच तुकडा कापून पाच प्रती एकाच कागदावर ओळीने लावल्या. पहिल्या पट्टीत लाल 4 आणि पिवळा 6, आणि पुढे प्रत्येक पट्टीत तेवढीच भर. पाचवीत लाल 20 आणि पिवळा 30. प्रत्येकीखाली तिचे आकडे छापायला विसरू नका, नाहीतर सर्वात सुंदर पट्टी कशी केली हेच आठवत नाही. माझ्या बाबतीत झालंय तसं. आणि छापल्या छापल्या निकाल लावायचा नाही. ओली शाई सुकताना रंग किंचित बदलतो, म्हणून पट्ट्या रात्रभर तशाच ठेवल्या.

कागदाचीही एक गंमत सांगते. पांढरे कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून घरात टिनोपाल घालायचे, आठवतं का आजीला विचारा. कागदातही तसेच पदार्थ घालतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेतात आणि निळसर प्रकाश देतात. अशा लख्ख पांढऱ्या कागदावर उबदार तपकिरी छटा थंड पडते. ओळखायचं कसं? दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, दुकानदारकाकांना विचारून त्याखाली कागद धरा. भरपूर उजाळा घातलेला कागद निळा चमकेल, बिनउजाळ्याचा मलूल राहील. (दिव्यात डोळे घालून बघायचं नाही.) आम्हाला शेवटी फिक्या सायीच्या रंगाचा, चकचकीत नसलेला इंकजेट कागद मिळाला. प्रिंटरलाही तोच कागद सांगायचा. चकचकीत सांगून साधा घातला तर शाई चुकीच्या मापाने पडते.

सकाळी पाचही पट्ट्या ट्यूबलाइटखाली पाहिल्या. मला तिसरी आवडली. आजींना बोलावलं, त्या रुमालातला फोटो घेऊन आल्या. मी तिसरी पट्टी पुढे केली तर त्या उठून सरळ दाराकडे चालू लागल्या. "इथं काय कळतंय बाई? ब्लाउजपीस कधी दुकानाच्या आत बघतात का?"

किती खरं! साडीला मॅचिंग कापड आपण दारात नेऊन उजेडात बघतो. तीन शायांनी केलेला राखाडी किंवा तपकिरी रंग एका उजेडात एक आणि दुसऱ्यात दुसराच दिसू शकतो. दारातल्या उजेडात माझी तिसरी पट्टी चांगलीच तांबूस निघाली. आजींनी मूळ फोटो शेजारी धरून दुसरी निवडली. मग तिच्यावरही बोट ठेवलं. "चेहरा बरोबर आहे. पण ह्यांचा कोट काळा होता. तुम्ही तपकिरी केलात."

मी मूळ फोटो पुन्हा नीट पाहिला. चेहरा तपकिरी, पण कोटाच्या घड्या अगदी काळ्या! फोटो फिका करायचं ते द्रावण आधी उजळ भागांवर काम करतं, गडद भागांपर्यंत उशिरा पोचतं. स्टुडिओवाल्याने फोटो लवकर बाहेर काढला असेल, तर कोटातली चांदी तशीच राहिली असणार. मी इतक्या वेळा बघून मला दिसलं नव्हतं. आजींना कोट माहीत होता.

मधल्या भागाचा रंग थोडा कोटातही उतरतो. म्हणून गडद भागात लाल आणि पिवळा उलट दिशेने जरासे मागे घेतले. चौथ्या दिवशी प्रत तयार झाली. सफेद कॉलर कागदाइतकीच सफेद, कोट काळा, चेहऱ्यावर जायफळाचा रंग.

हे चालू असताना वर्गातल्या एकाने विचारलं, "बाई, माझा कालच्या सहलीतला फोटो असा जुना करू का?" कर की! फक्त पाठीमागे मऊ पेन्सिलीने खरी तारीख आणि सगळ्यांची नावं लिही. नाहीतर 50 वर्षांनी कुणीतरी तुला 1971 सालचा समजेल.

आई-बाबांसाठी एक सूचना: घरच्या प्रिंटरची शाई उन्हात विटते. भिंतीवर प्रत लावा, तीही ऊन येत नाही तिथे. मूळ फोटो कोरड्या जागी पाकिटात ठेवा, आणि स्कॅन केलेली फाइल दोन ठिकाणी जपा.

प्रदर्शन संपल्यावर आजी प्रत न्यायला आल्या. पदराने काच पुसली, थोडं लांब धरून पाहिलं. "आता बोलतील असं वाटतंय," म्हणाल्या. मग नातीकडे वळून, "बोलायचे मात्र फार कमी हं!" नात हसली. उरलेल्या चार पट्ट्या तिने मागून घेतल्या आणि वहीत चिकटवल्या. खाली आकडे आहेतच.

पुढच्या आठवड्यासाठी एक रिकामी काड्यापेटी आणि काळा कागद जमवून ठेवा. काड्या आईकडे द्या!